अजून दोनच रात्री

"या घरात बिस्किटांचा डबा एकदाच उघडतात, पाहिलंस का तू? झाकण काढलं, डबा सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवला, एकेक उचललं की टप्पकन बंद! मी दुसऱ्यासाठी हात पुढे केला असता तर बोट चेमटलं असतं माझं."

"हळू बोल, हालवर्ड."

"अगं, आपल्या भाषेत बोलतोय. इथे कोणाला कळणार आहे नॉर्वेजियन?"

रिंस्केला कळलं. ती त्यांच्या तंबूपासून हातभर अंतरावर दोरीवर चादरी वाळत घालत होती, आणि गेले दोन हिवाळे दर मंगळवारी ती ग्रंथालयातल्या वर्गाला जाऊन नॉर्वेजियन शिकत होती. तिकडच्या डोंगरात सायकल पंक्चर झाली तर मदत मागता यावी, एवढाच त्यामागे हेतू होता. त्या शिक्षणाचा पहिला उपयोग आपल्याच परसात, आपल्याच चिकटपणाची निंदा ऐकण्यासाठी होईल, असं काही तिच्या मनात आलेलं नव्हतं.

चिमटा तोंडात धरून तिने पुढची चादर दोरीवर टाकली. एका कॉफीला एक बिस्किट. तिची आई तसंच द्यायची, आजी तसंच द्यायची, स्कारलुम गावातलं प्रत्येक घर तसंच देतं. यात चिकटपणा कसला?

पण लागलं तिला.

तसा या सगळ्याचा उगम एका उतारात होता. म्हणजे नसलेल्या उतारात. स्कारलुम हे गाव फ्रीसलंड प्रांतातल्या अशा सपाट भागात आहे की खुर्चीवर उभं राहिलं तर शेजारच्या गावात काय वाळत घातलंय ते दिसतं. रिंस्के या सपाटीवर जन्मभर सायकल चालवत आली होती. शाळेला सायकलवर, लग्नाला सायकलवर, मुलीच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा दवाखान्यातही सायकलवर. नवरा, डाउवे, शेजारून घाबरत घाबरत दुसरी सायकल हाकत होता. आणि या सबंध आयुष्यात तिचे पाय कधी थांबले नव्हते. उतारच नाही तर पायडल मारायचं थांबवणार कधी? तिची एकच इच्छा होती. नॉर्वेतला एखादा डोंगर चढायचा, कितीही धाप लागली तरी चढायचा, आणि मग दुसऱ्या बाजूने नुसतं बसून उतरायचं. पाय सैल सोडून. काहीही न करता.

ती गावातल्या शाळेच्या कचेरीत कामाला होती. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की तिला सुट्टी, शाळा उघडली की संपली. एका उन्हाळ्यात छप्पर गळालं, एका उन्हाळ्यात मुलीचं बाळंतपण आलं, एका उन्हाळ्यात तिची सासू वारली. आता सत्तावन्न झाली होती, गुडघा कुरकुरायला लागला होता, आणि डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत सांगितलं होतं, "जायचं तर या वर्षी जा."

या वर्षी जायचं ठरलं. प्रश्न होता पैशांचा. तिकडे उत्तरेत टोमॅटो घ्यायचा तर घरच्यांशी सल्लामसलत करून घ्यावा लागतो, असं ज्याच्या त्याच्याकडून कानावर आलेलं. तेव्हा स्वस्तातली सहल आखायचं काम डाउवेने अंगावर घेतलं. त्याला वेळच वेळ होता. तीस वर्षं तो गावच्या कालव्यावरचा पूल उघडत-मिटत होता. नाव आली की पूल वर, काठीच्या टोकाला बांधलेली लाकडी खडाव नावेपुढे धरायची, नावाडी त्यात नाणं टाकणार, दोन शब्द बोलणार, पूल खाली. आता तो पूल शहरातल्या कुठल्याशा खोलीत बसलेला माणूस कॅमेऱ्यात बघून उघडतो. डाउवेला निरोपाला एक घड्याळ मिळालं. वेळ बघायची गरज संपल्यावर.

डाउवेने शोधून काढलं ते असं: सायकलवाल्यांचं एक मंडळ आहे. तुम्ही तुमच्या परसात कोणाला रात्रभर तंबू टाकू द्यायचा, सकाळी कॉफी द्यायची. त्या बदल्यात तुमच्या नावावर एक रात्र जमा. मग तुम्ही त्या मंडळातल्या कोणाच्याही परसात एक रात्र फुकट.

"म्हणजे आपण निघायच्या आधीच सगळ्या रात्री जमवून ठेवायच्या," डाउवे म्हणाला. "तिकडे मुक्कामाला दमडी नको."

"सगळ्या कशाला? थोड्या जमवू, थोडं खर्चू."

"अगं, फुकट मिळतंय ना!"

फुकट म्हटलं की फ्रीसलंडमधली बाई हरते.

हालवर्ड आणि आस्लाउग हे नवराबायको म्हणजे या योजनेतली पहिली कमाई होती. बर्गनहून आलेले, दोघंही उंच, गुलाबी आणि भुकेले.

तर, चादरी वाळत घालून झाल्यावर रिंस्के घरात गेली. नवी कॉफी केली. ट्रे बाहेर आणला, सगळ्यांना एकेक बिस्किट दिलं, झाकण लावलं. मग परत काढलं.

"घ्या, दुसरं घ्या," ती हालवर्डला स्वच्छ नॉर्वेजियनमध्ये म्हणाली. "बोट सांभाळून."

हालवर्ड मानेपासून कपाळापर्यंत तांबडा झाला. आस्लाउग इतकी हसली की तिला तंबूचा खांब धरावा लागला. आणि कुंपणापलीकडून शेजारच्या ग्रीटने आवाज दिला, "रिंस्के! कोण गेलं गं?"

"कोणी नाही. का?"

"डबा दोनदा उघडलास म्हणून विचारलं. मला वाटलं घरात काही झालं."

ग्रीटची ओळख आत्ताच करून द्यायला हवी. मनातलं तोंडावर बोलायचं, हा आमच्या गावाचा अभिमान. आणि ग्रीट ही त्या अभिमानाची ध्वजधारक. रिंस्केच्या आईच्या अंत्यविधीला तिने रिंस्केला मिठी मारून कानात सांगितलं होतं, "हा कोट तुला मागून ढगळा होतो." तिच्या पोटात काही राहत नाही असा समज होता. तो त्या उन्हाळ्यात खोटा ठरायचा होता.

आस्लाउग भली बाई. जाताना तिने मंडळाच्या पानावर चार ओळी लिहिल्या. स्कारलुमला अवश्य थांबा, बिस्किटं दोनदा मिळतात, घरधनीण नॉर्वेजियन बोलते, घरधनी पुलाच्या गोष्टी सांगतो.

झालं. उत्तरेतून दक्षिणेकडे निघालेला प्रत्येक सायकलवाला स्कारलुमकडे वळायला लागला. शाळेला सुट्टी लागली, ठरलेला सोमवार उजाडला, आणि परसात पाच तंबू.

"आज निघायचं होतं," रिंस्के म्हणाली.

"अजून दोनच रात्री थांबू. बघ, पाच तंबू म्हणजे एका झोपेत पाच रात्री जमा!"

दोन रात्रींनंतर सात तंबू झाले. डाउवेने आता परसाला शिस्त लावली होती. फाटकात उभा राहून तो हात वर करायचा, "थांबा!" मग आतल्या माणसाची सायकल बाहेर निघाली की हात आडवा, "या आता, डावीकडून!" एके सकाळी तो पुलावरची जुनी टोपी घालून फाटकाशी उभा दिसला. ग्रीट कुंपणावरून बघत होती. रिंस्के स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. दोघींची नजरानजर झाली.

"टोपीला वास येत असेल," ग्रीट म्हणाली. एवढंच म्हणाली.

पाहुण्यांना रिंस्के तिकडच्या घाटांबद्दल विचारायची. एक जण म्हणाला, "घाट? बाई, घाट नकोत म्हणून तर इथे आलो."

"पण उतार?"

"उतार म्हणजे काय, ब्रेक दाबून दाबून हाताला गोळे येतात."

आपल्याला मिळत नाही ते गोड दुसऱ्याने ताटात टाकून द्यावं, तसं तिला झालं.

मग रसद संपायला लागली. तिकडे महाग म्हणून रिंस्केने वसंतापासून जमवलेलं सामान, कॉफीची पाकिटं, पीनट बटरच्या बरण्या, मेणात बांधलेलं चीज, सगळं सायकलच्या पिशव्यांत भरून ठेवलं होतं. एका जोडीची भाकरी संपली. डाउवेने पिशवीतलं चीज कापलं. कोणाची कॉफी भिजली. डाउवेने पाकीट दिलं.

"ते आपल्या वाटेचं आहे रे!"

"माझ्या पिशवीतलं दिलंय. तुझ्या पिशवीला हात लावला नाही."

हे खरं होतं. तिने नंतर बघितलं. तिच्या पिशव्या गच्च होत्या, त्याच्या रिकाम्या.

पुढच्या आठवड्यात त्याने आपला रेनकोट एका भिजलेल्या विद्यार्थिनीला दिला. मग आपली झोपायची पिशवी एका म्हाताऱ्याला. मग एका संध्याकाळी रिंस्के शेतकऱ्याकडून अंडी घेऊन आली, तर डाउवे अंगणात एक छोटंसं हिरवं गाठोडं तळहातावर तोलत उभा.

"तंबूची अदलाबदल केली," तो खुशीत म्हणाला. "आपला तो भारी धोंडा एका स्वीडनवाल्याला दिला. हा बघ, पिसासारखा!"

रिंस्केने तंबू उभा केला. आत गेली. आडवी झाली. दोन्ही कोपर दोन्ही भिंतींना लागले.

"डाउवे, यात एकच माणूस मावतो."

"हो का?"

"हो."

"मग आळीपाळीने झोपू," डाउवे म्हणाला आणि लगबगीने फाटकाकडे गेला, कारण रस्त्यावर घंटी वाजली होती.

आलेला माणूस फिनलंडचा, नाव वेइक्को. बोलणं त्याच्याकडे रेशनवर होतं. त्याने सायकल भिंतीला टेकवली आणि मागच्या चाकाकडे बोट दाखवलं. रिम एका जागी उभी चिरली होती. गावातलं सायकलचं एकुलतं दुकान बंद. दुकानदार सहकुटुंब इटलीला. आणि वेइक्कोच्या बहिणीचं लग्न होतं पॅरिसजवळ, त्याच रविवारी. हे एवढं सगळं त्याच्याकडून काढून घ्यायला डाउवेला अख्खी संध्याकाळ लागली. पण नावाड्यांशी बोलून बोलून डाउवे त्यात तरबेज होता. दोघं कालव्याकाठी बसून होते. एक बोलत होता, एक मान हलवत होता, आणि दोघंही इतके सुखात दिसत होते की रिंस्के त्यांच्यासाठी कॉफी घेऊन गेली ती ठेवून लगेच परत आली.

सकाळी वेइक्को गेलेला होता. शेडमध्ये डाउवेची सायकल पुढच्या चाकावर आणि एका लाकडी खोक्यावर उभी होती.

"डाउवे, तुझं मागचं चाक कुठाय?"

"वेइक्कोला दिलं. अगं, बहिणीचं लग्न!"

"आणि तू काय खोक्यावर बसून नॉर्वेला येणार?"

"दुकानदार आला की नवं चाक बसवू. तोवर रात्री जमतील."

"दुकानदार कधी येतोय?"

डाउवे टोपी काढून आतलं अस्तर तपासायला लागला. "महिनाअखेर म्हणत होता."

महिनाअखेरीला शाळा उघडत होती. हे डाउवेला माहीत होतं, ग्रीटला माहीत होतं, शाळेची सुट्टी अख्ख्या गावाला पाठ होती.

तो गेल्यावर रिंस्के शेडमध्येच उलट्या बादलीवर बसून राहिली. तिची सायकल समोर होती. चेनला ताजं तेल होतं. टायर टणक. तिने सहज ब्रेक दाबून पाहिला आणि वाकून नीट बघितलं. ब्रेकचे रबर नवे होते, चारही. स्कारलुममध्ये कोणी ब्रेकचे रबर बदलत नाही; इथे पायडल थांबवलं की सायकल थांबते. असले जाडजूड रबर फक्त डोंगर उतरणाऱ्याला लागतात. त्याने ते कधी बसवले, तिला कळलंही नव्हतं.

तिला राग यायला हवा होता. तिने जरा वाटही पाहिली. राग आला नाही. जे आलं ते ओठ दाबून तिने आतच ठेवलं, कारण ते हसू होतं. मोकळं, नाचरं, सोळाव्या वर्षी घरचे सगळे बाहेर गेल्यावर यायचं तसलं. मग त्या हसण्याचा मात्र तिला राग आला. बत्तीस वर्षं संसार केलेल्या बाईला शोभतं का हे? ती उठली, तोंड धुतलं आणि दुपारभर खिडक्या पुसत बसली.

चाक गेल्याचं गावभर कळलं, आणि त्या दिवसापासून गावात एक नवीनच सभ्यता अवतरली. पाववाला विचारायचा, "वारा कसा आहे?" पोस्टमन विचारायचा, "गुडघा कसा आहे?" कधी निघताय, हे कोणी विचारेना. ग्रीटसुद्धा! ती खिडक्यांना नावं ठेवायची, परसातल्या गवताला ठेवायची, स्वीडनवाल्याच्या दाढीला ठेवायची. आणि मधेच तोंड उघडून, डाउवेकडे बघून, परत मिटायची. तिला हे जड जात होतं. तिचा रक्तदाब वाढलाय, असं तिने स्वतःच सांगितलं.

अशात डाउवेचा वाढदिवस आला. परसातले तंबू बाजूला सारून खुर्च्यांचं गोल कडं मांडलं. वाढदिवस म्हटला की आमच्याकडे खुर्च्यांचं कडं हवंच, आणि येणाऱ्याने कड्यातल्या प्रत्येकाशी हात मिळवून प्रत्येकाचं अभिनंदन करायचं, नुसतं वाढदिवसवाल्याचं नाही. हालवर्ड आणि आस्लाउग दक्षिणेची फेरी संपवून परतीच्या वाटेवर त्याच सकाळी येऊन टेकले होते. पोस्टमन हालवर्डचा हात हलवत म्हणाला, "डाउवेच्या वाढदिवसाबद्दल तुमचं अभिनंदन!"

"माझं?" हालवर्ड म्हणाला. "मी काय केलं?"

"तुम्ही त्याला ओळखता ना? मग झालं तर."

ग्रीट आली. सगळ्यांचं अभिनंदन करून बसली, केकचा एक घास घेतला आणि म्हणाली, "कोरडा झालाय. डाउवे, तुझं पोट सुटलंय. पोस्टमन, तुझा मुलगा काल पुलावर सिगारेट ओढत होता." एवढं मोकळं झाल्यावर तिला जरा बरं वाटलं.

मग आस्लाउगने विचारलं. तिचा काय दोष! ती आत्ताच आली होती. "मग, तुम्ही दोघं कधी येताय आमच्याकडे? घाटाच्या पायथ्याशीच घर आहे आमचं. मी वाटच बघतेय."

चमचे बशांवर थबकले.

"अजून दोनच रात्री," डाउवे कॉफीची किटली उचलत म्हणाला.

"तसा तिकडे पाऊसच असतो," पोस्टमन घाईघाईने म्हणाला.

"पावसात घाट निसरडे," हालवर्डने दुजोरा दिला. त्याने शेडच्या उघड्या दारातून खोक्यावरची सायकल पाहिली होती.

"गुडघ्याला दमट हवा वाईटच," पाववाला म्हणाला.

"केक खरंच कोरडा झालाय," ग्रीट म्हणाली आणि रुमालाने कपाळ टिपलं.

डाउवे कड्यातून कॉफी ओतत फिरायला लागला. पोस्टमनला दिली, आस्लाउगला दिली. ग्रीटपाशी आला. तिने कप पुढे धरला. डाउवे ओतत होता, पण त्याची नजर रिंस्केवर होती. रिंस्के मांडीवर बशी धरून बसली होती. तिने केकला हातही लावला नव्हता. आणि तिचे पाय, बूट घातलेले दोन्ही पाय, खुर्चीखाली हळूहळू एकाआड एक हलत होते, कोणाच्याही लक्षात येऊ नये इतके हळू. कप भरला. बशी भरली. कॉफी ग्रीटच्या नव्या निळ्या घागऱ्यावर सांडायला लागली, आणि ग्रीट, आयुष्यात पहिल्यांदा, काहीच बोलली नाही.

"मला नाही जायचं," डाउवे म्हणाला.

किटली त्याच्या हातात तशीच वाकडी होती. हालवर्डने उठून ती सरळ केली.

"कधीच नव्हतं जायचं," डाउवे म्हणाला. एकदा सुरुवात झाल्यावर त्याला थांबता येईना. "तुला काय सांगू, रिंस्के. मला डोंगराची भीती वाटते. चित्रात बघितला तरी मी पान उलटतो. मला इथेच बरं वाटतं, फाटकात. कोणी येतं, कोणी जातं, मी हात करतो. पण तुला वचन दिलं होतं, म्हणून म्हटलं रात्री जमवू, रात्री जमवता जमवता काहीतरी सुचेल. तुझी सगळी तयारी केली मी. चेन केली, ब्रेक केले. आणि रोज रात्री ठरवायचो, उद्या सांगायचं. तुला किती वाईट वाटेल ते डोळ्यांसमोर यायचं, आणि..."

पोस्टमन आकाशाकडे बघायला लागला. ग्रीटने घागरा पिळला. डाउवे आपल्या बोलीत बोलला होता, आस्लाउगला शब्द कळले नव्हते, पण तिने हालवर्डचा हात धरला.

रिंस्केने बशी खाली गवतावर ठेवली. तिचे पाय थांबले होते.

"डाउवे," ती म्हणाली, "मला पहिल्यापासून एकटीलाच जायचं होतं रे."